लाल पट्टीचा प्लग

आमच्या मालकांनी भर दुपारी, गिऱ्हाइकासमोर, हात जोडून एका इन्व्हर्टरची माफी मागितली.

असं काहीही घडलेलं नाही.

म्हणजे तसं ठरलंय. मालक म्हणतात घडलं नाही. गिऱ्हाईक म्हणतं घडलं नाही. इन्व्हर्टरला कुणी विचारत नाही. तेव्हा मी तुम्हाला एक न घडलेली गोष्ट सांगते. तिचा शब्दन् शब्द खरा आहे. विश्वास बसत नसेल तर रांगेत उभे राहा, तुमच्या पुढे आमचे बाबा आहेत.

आणि रात्र वगैरे नव्हती. कुत्री रडत नव्हती. दुपारची जेवणं झाली होती आणि समोरचा टायरवाला तोंडावर टोपी टाकून घोरत होता. भुताने निदान वेळकाळ तरी बघावा. पण आमच्या आत्याने जिवंतपणी कधी कुणाची वेळ पाळली नाही, तर मेल्यावर काय पाळणार?

मी इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. पुढे काउंटर, मागे दुरुस्तीची खोली. मागच्या खोलीतलं लांब टेबल आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. दुकान मालकांचं होतं, पण दुकानातला राग सगळा तिचा. मला ती 'फ्यूज' म्हणायची. लवकर उडते म्हणून. हे म्हणणारी बाई स्वतः दिवसभर ट्रान्सफॉर्मरसारखी गुरगुरायची. माझा मोठा भाऊ तिचा मदतनीस. त्याला 'ठोंब्या' म्हणायची आणि डब्यातला मोठा वाटा त्यालाच द्यायची.

यंत्रांशीही तशीच. नवीन इन्व्हर्टर टेबलावर आला की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खोक्यावर ठोकायची.

टक... टक.

"बोल, मुडद्या. काय दुखतंय?"

आणि तो बोलायचा. शपथेवर सांगते, बोलायचा.

तिचा नियम एकच. टेबलावरच्या यंत्राला वीज देणाऱ्या प्लगला तिने लाल पट्टी गुंडाळली होती. तिला विचारल्याशिवाय त्या प्लगला कुणी हात लावायचा नाही.

कारण ऐका. जगातल्या कुठल्याही यंत्राची वीज काढली की ते मरतं. इन्व्हर्टर हे एकच यंत्र असं आहे की वीज काढली की ते उठून बसतं.

गेल्या उन्हाळ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा इन्व्हर्टर आला. दवाखान्यातल्या आणीबाणीच्या दिव्यांचा. वीज आहे तोवर बॅटरी भरत गप्प बसायचं, वीज गेली की दिव्यांना करंट द्यायचा, एवढंच त्याचं काम. तक्रार अशी की बटण बंद केलं तरी वीज गेली की उठतो. बटण आतून चिकटलं होतं.

आत्याने बटण बंद केलं. प्लग चालू ठेवला, म्हणजे तो गप्प राहील. दिव्यांची वायर जोडायच्या जागी हात घातला. दादा शेजारी उभा होता.

तो उठला.

आत्या गेली.

वीज निरीक्षक साहेब आले तेव्हा बटण चालू सापडलं आणि प्लग जागेवर. बटणाजवळ कोण होतं? दादा. झालं. 'मदतनिसाचा निष्काळजीपणा.' मालक म्हणाले, मी तर बाहेर फोनवर होतो.

दादा म्हणतो, "मी बंद करायला दाबलं गं. ती ओरडल्यावर. ते बंदच होतं, म्हणून चालू झालं असणार." मग स्वतःचा अंगठा बघतो. "का आधीच दाबलं? मला आठवत नाही."

तेव्हापासून दादाने स्क्रूड्रायव्हर हातात धरलेला नाही. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. एकाच टेबलावर जेवताना मला सांगतात, "त्याला विचार, भात हवाय का." दादा मला सांगतो, "त्यांना सांग, नको." मी दोघांच्या मधली वायर. तापते, पण तुटत नाही.

तर ती दुपार.

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या.

"अहो, किती महिने झाले! माझा इन्व्हर्टर देताय की नाही?"

"आज देतोच," मालक म्हणाले. हे ते प्रत्येक वेळी म्हणत होते. बटण त्यांनी केव्हाच बदललं होतं, अपघातानंतर लगेच. चकचकीत नवं बटण. पण इन्व्हर्टर चालत नव्हता. चालू केला की आतले पॉवर स्विच उडायचे. हे स्विच म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या काळ्या चिपा. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. नवे घातले, उडाले. परत घातले, परत उडाले.

"फ्यूज, बघ गं जरा." मालक मला फ्यूज म्हणाले. ते नाव त्यांचं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आमच्याकडे तपासायची पद्धत अशी. बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये गाडीच्या हेडलाइटचा जुना बल्ब लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर आत सगळं ठीक. भगभगीत पेटून राहिला तर कुठलातरी स्विच शॉर्ट आहे.

मी बल्ब लावला.

भगभगीत.

मीटर लावला. एका बाजूचे चारही स्विच शॉर्ट दाखवत होते. इथेच नवखे फसतात. चौघं एकमेकांना जोडलेले असतात. एक शॉर्ट झाला की मीटर शेजारच्या तिघांनाही चोर ठरवतो. आत्या म्हणायची, "शेजारी उभा राहिला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. एकेकाचा पाय उचल, मग बोल."

मी पहिल्याचा पाय बोर्डावरून सोडवला. तो ठीक.

दुसरा. ठीक.

तिसरा ठीक. चौथाही ठीक.

पलीकडचे चारही काढले. टेबलावर ओळीने मांडले. सगळे ठणठणीत.

बोर्डावर आता एकही स्विच नव्हता...

बल्ब तसाच भगभगीत पेटलेला.

"सापडला का?" मालकांनी विचारलं.

"शोधतेय."

"तुझी आत्या एव्हाना शोधून मोकळी झाली असती."

"मग बोलवा तिला," मी म्हणाले.

टायरवाल्याचं घोरणं थांबलं.

मी बॅटरीच्या वायरी काढल्या. दोन्ही. बॅटरी पायाने टेबलाखाली सरकवली.

बल्ब पेटलेलाच...

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बॅटरीशिवाय चालतोय? मग बॅटरीचे पैसे कशाला घेतले हो तुम्ही?"

मालकांचं लक्ष नव्हतं. जेवणानंतर त्यांचं लक्ष कशातच नसतं. जेवणानंतर ते पाय दाबायचं मशीन लावतात. बुटांच्या आकाराचे दोन खड्डे असलेलं एक बोजड खोकं. खुर्चीत बसायचं, पाय आत घालायचे, मशीन मळून काढतं. आता विनोद ऐका. विजेच्या दुरुस्तीचं दुकान, आणि धड चालणारं सॉकेट सबंध दुकानात एकच. टेबलाचं.

त्यांनी पाय खड्ड्यांत घातले. बसल्या बसल्या, न बघता, सवयीने हात मागे नेला...

आणि लाल पट्टीचा प्लग काढला.

इन्व्हर्टर उठला.

स्विच नाहीत. बॅटरी नाही. बटण बंद. मी डोळ्यांनी बघितलं, बटण बंद. आणि तो उठला. तीच गुरगुर. हिवाळ्यात सकाळी दुकान उघडायला उशीर झाला की आत्या करायची, अगदी तीच.

मालकांनी घाईघाईने प्लग परत घातला. इन्व्हर्टर गप्प.

त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं... ही घाई त्यांनी आधी एकदा केली होती. प्लग काढायचा. तो उठला की परत घालायचा. मग बाहेर जायचं. मग फोनवर असायचं.

"मालक," मी म्हणाले, "त्या दिवशीही पाय दुखत होते का?"

"काय बोलतेस?"

"प्लग कुणी काढला होता?"

"तोंड सांभाळ. तुझ्या भावाने बटण दाबलं, साहेबांनी लिहून दिलंय..."

आणि प्लग आपणहून सॉकेटातून बाहेर आला. सावकाश. जमिनीवर पडला. लाल पट्टी वर.

इन्व्हर्टर परत उठला. त्याच्याबरोबर पाय दाबायचं मशीनही. त्याची वायर मालकांच्या मांडीवर गुंडाळून पडली होती. कुठेही न लावलेली.

ते दाबायला लागलं.

आधी रोजच्यासारखं. मग जरा जोरात. मग मालक पाय ओढायला लागले. पाय निघेनात.

"अगं बंद कर! बंद कर ते!"

"कसं करू? चालूच नाहीये."

तेवढ्यात इन्व्हर्टरच्या खोक्यातून आवाज आला. आतून.

टक... टक.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते आलं नाही. खोलीत कुणीही, काहीही विचारलं नाही.

पण मालकांनी उत्तर दिलं.

"मी काढला होता! बाई, मीच काढला होता प्लग! मला काय माहीत तुमचा हात आत आहे! पोराने नंतर दाबलं बटण, तुम्ही ओरडल्यावर! मी बघितलं होतं! चुकलो, बाई, चुकलो!"

हात जोडलेले. घाम नाकावरून टपकत होता. समोर बटण बंद असलेला एक इन्व्हर्टर.

मशीन थांबलं.

गुरगुर थांबली.

बल्ब हळूहळू मंद झाला. नीट दुरुस्ती झाल्यावर होतो, तसा.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो रागच. एका माणसाच्या पोटऱ्या दुखत होत्या म्हणून माझी आत्या गेली, आणि माझा भाऊ घरात बसून स्वतःचा अंगठा न्याहाळतो. सांग, तू आधी दाबलंस की नंतर?

दुसऱ्या दिवशी मालक लंगडत आले. "काय? मी? माफी? ऊन बाधलंय तुला."

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"हे बघ बाळा," त्या म्हणाल्या, "भूत बघितलेल्या बाईसमोर कुणी तोंड उघडून बसेल का? मी काही पाहिलं नाही. इन्व्हर्टरही नको मला. मेणबत्त्या आणल्यात."

दुकानात परत आले तर... मंद झालेला बल्ब पुन्हा भगभगीत पेटला होता.

घरी सांगितलं. दादा भिंतीकडे बघत ऐकत राहिला. बाबा उसळले. "भुताच्या साक्षीवर विश्वास ठेवू मी? माझ्या बहिणीची चेष्टा लावलीय?" ताट सरकवून उठले.

आमच्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बाबांनी आत्या गेली त्याच आठवड्यात काढून विकली होती. रिकामं खोकं कोपऱ्यात आहे, वर कपड्यांची इस्त्री ठेवतो.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी वीज गेली. गल्ली काळी झाली. शेजारच्यांनी नेहमीसारखा "गेली!" असा ओरडा केला.

आमच्या घरात एकच दिवा लागला.

दादाच्या खुर्चीवरचा.

इस्त्री थरथरत होती. खाली गुरगुर. बाबा त्या खोक्यापाशी जाऊन वाकले. मग अगदी लहान मुलासारखे म्हणाले, "ताई?"

टक... टक.

बाबा वळले. दादाकडे. माझ्याकडे नाही, दादाकडे. त्यांचा आवाज इतका चिरका होता की मला तो आधी ओळखूच आला नाही.

"जेवलास का रे?"

दादा म्हणाला, "नाही."

मला मधे कुणी घेतलं नाही. पहिल्यांदाच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुकानातला बल्ब अजून पेटलेलाच आहे. मी होल्डरमधून काढून खणात ठेवला. खणाच्या फटीतून उजेड येतो. म्हणजे शॉर्ट अजून आत कुठेतरी आहे, कागदावर दादाचंच नाव आहे, आणि ती दमलेली नाही. मालकांनी हल्ली पाय दाबायचं मशीन विकून टाकलंय. दुपारी वीज गेली की ते टेबलावर चढून बसतात. मला हसू येत नाही. ती आता कुणाकुणाला विचारणार आहे, मला माहीत नाही.

मी माझ्या परीने रीतसर मार्ग धरलाय. पुढील अर्ज पाठवला आहे:

प्रति, मा. वीज निरीक्षक साहेब, यांसी. सदर अपघाताची चौकशी पुन्हा उघडण्यात यावी. साक्षीदार म्हणून सदर इन्व्हर्टरची, बॅटरी व स्विच काढलेल्या अवस्थेत, समक्ष साक्ष नोंदवून घ्यावी. साक्षीदार वीज असताना बोलत नसल्याने, त्या दिवशी कार्यालयाची वीज घालवण्याची व्यवस्था कार्यालयानेच करावी. दुकानमालकांना अनवाणी हजर राहण्याचे आदेश व्हावेत. आणि साक्ष पूर्ण होईपर्यंत लाल पट्टीच्या प्लगला, तिला विचारल्याशिवाय, कोणीही हात लावू नये, ही नम्र विनंती.