रेघ म्हणजे भिंत

भुताच्या गोष्टी करमणूक म्हणून वाचणाऱ्यांनी हे इथेच सोडून द्यावं. यात मीठमसाला नाही. जे झालं तेवढंच आहे.

जोलीन फ्लेटने मला हे दोन वेळा सांगितलं. दोन्ही वेळा शब्द जवळजवळ तेच होते. आणि दोन्ही वेळा ती खुर्ची दाराजवळ ओढून बसली होती.

कॅनडातल्या विनिपेगहून उत्तरेला निघालं की सेल्कर्कच्या पुढे कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, एक बंद पडलेला क्लब लागतो. आता तिथे कोणी बर्फ घालत नाही. लांबच लांब सिमेंटची जमीन, छताला एक घरघरणारा हीटर, आणि एका टोकाला बाहेर जायचं दार. बस.

नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते. चार वाजले की बाहेर अंधारायला लागायचं.

जोलीन सिनेमात सहायक दिग्दर्शक. शूटिंगच्या आधीची सगळी आखणी तिच्याकडे. कोण कुठून आत येणार, कॅमेरा कुठे मावणार, काय कुठे अडणार, हे सगळं कॅमेरा सुरू व्हायच्या आधी ठरलं पाहिजे, असा तिचा खाक्या. सिनेमा एका जुन्या फार्महाऊसमध्ये घडणार होता. पण त्या घरात ना हीटर, ना धड जमीन. नटांना तिथे तालमीला नेणं म्हणजे कोणाचा तरी पाय मोडून घेणं.

मग अशा वेळी सगळे करतात तेच तिने केलं. घराची मापं घेतली, आणि क्लबच्या सिमेंटवर रंगीत चिकट टेपने त्या घराचा नकाशा काढला. खऱ्या मापाचा. निळी रेघ म्हणजे भिंत. रेघेत फट आणि तिला चंद्रकोरीसारखा वाक, म्हणजे दार. दार कुठल्या बाजूला उघडतं, ते त्या वाकावरून कळतं.

अशा नकाशात जोलीनचा एकच नियम असायचा. रेघ म्हणजे भिंत. भिंतीतून कोणी चालायचं नाही.

जो चालेल, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डोनट आणायचे.

बोहदान वासिलिक, म्हणजे सगळ्यांचा बो, सेटचे नकाशे काढायचा. तो मुद्दाम भिंतींतून चालायचा.

"अरे, तुझ्यामुळे सगळं युनिट लठ्ठ होणार आहे," जोलीन म्हणायची.

"मी भूत आहे गं. मला कुठली आलीय भिंत!"

या नकाशात दोन गोष्टी जरा वेगळ्या होत्या. त्या आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

एक म्हणजे, घराचं बाहेरचं दार त्यांनी काढलंच नव्हतं. बाहेरचे प्रसंग खऱ्या घरासमोर होणार होते. इथे फक्त आतल्या खोल्यांची तालीम. म्हणून बाहेरची रेघ सलग होती. आत जाताना तेवढी ओलांडायची सगळ्यांना मुभा होती.

दुसरी गोष्ट म्हणजे तो चौकोन.

स्वयंपाकघराचं आतलं माप आणि जिन्याकडचं माप जुळत नव्हतं. मध्ये जागा उरत होती. एक माणूस आडवा झोपेल एवढी. तिला कुठून दार नव्हतं, खिडकी नव्हती.

"धुराडं असेल जुनं," बो म्हणाला होता.

"धुराडं छपरावर दिसलं का तुला?"

जोलीनने घराच्या म्हाताऱ्या मालकाला फोन करून विचारलं होतं, त्या भिंतीमागे काय आहे.  तो म्हणाला, "भिंतीमागे भिंतच असते, पोरी."

आणि फोन ठेवून दिला.

जोलीन हट्टी. मापात जे आलं ते जमिनीवर येणार. तिने तो चौकोनही टेपने काढला.

त्या दिवशी सकाळपासून तालीम चालली होती. नट खोल्यांतून हिंडत होते. चुकून भिंतींतून जात होते, जीभ चावत होते, हसत होते.

पण त्या चौकोनात कोणाचा पाय पडला नाही.

कोणी सांगितलं नव्हतं. तरी सगळे त्याला वळसा घालून जात होते.

जेवणाच्या सुट्टीत तिची नजर बोवर पडली. हातात पिरोगीची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, बशी घेऊन तो स्वयंपाकघराच्या भिंतीतून आला, जिन्याच्या भिंतीतून गेला... आणि चौकोनाला मात्र वळसा घातला. बोलता बोलता. त्याला स्वतःला पत्ताही नव्हता.

तिला ते खटकलं. पण कामाच्या गडबडीत राहून गेलं.

संध्याकाळी सगळे पांगले. जाताना दिग्दर्शिका इंग्रिड म्हणाली, "तो रिकामा चौकोन डोळ्यात खुपतो. आत एक फुली मार. म्हणजे ती जागा आपली नाही, हे सगळ्यांना कळेल."

बो कॉफी आणायला गेला.

जोलीन एकटी राहिली. तिने टेपची गुंडाळी उचलली, आणि आपलाच नियम मोडून ती रेघ ओलांडून चौकोनात गेली.

सहज गेली. काही झालं नाही.

गुडघ्यावर बसून तिने फुली मारली. एक पट्टी अशी, एक तशी. मग ती उठली आणि बाहेर पडायला पाय उचलला...

बुटाचं टोक कशावर तरी आपटलं.

समोर काही नव्हतं.

तिने हात पुढे केला. तळहाताला गार, खरबरीत काहीतरी लागलं. जुन्या चुन्याच्या गिलाव्यासारखं.

ती हसली. खरंच हसली. दिवसभर नीट खाल्लं नाही, म्हणून होतंय, असं तिला वाटलं. तिने दुसरी बाजू चाचपली.

भिंत.

तिसरी... भिंत.

चौथी...

चारही बाजूंना तिला सगळं दिसत होतं. कोट खुंटीवर होता. फोन टेबलावर होता. क्लबचं बाहेरचं दार दिसत होतं, त्यावरचा लाल दिवा दिसत होता. आणि तिला रेघेपलीकडे जाता येत नव्हतं.

मग दुसरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली.

हीटरचा आवाज येत नव्हता.

हीटर चालू होता. त्याला बांधलेली रिबीन फडफडत होती. पण आवाज नाही. कसलाच नाही. तिच्या स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकूच येत नव्हतं.

ती ओरडली. तो आवाज पलीकडे गेला नाही. तिथेच, तोंडाजवळ, जिरला.

क्लबचं दार उघडलं. दोन कॉफ्या घेऊन बो आत आला.

तिच्या जिवात जीव आला. तिने दोन्ही हातांनी भिंत बडवली. "बो! अरे इकडे! बो!"

बोने इकडेतिकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. तो तिचं नाव घेत होता, हे तिला कळलं. पण ऐकू आलं नाही.

त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि नजर पुढे गेली.

त्याने फोन लावला. टेबलावर तिचा फोन उजळला, विझला. तो सगळा नकाशा पालथा घालत आला. बैठकीच्या भिंतीतून. स्वयंपाकघराच्या भिंतीतून. सरळ तिच्याकडे. हात लांबवला असता तर तिच्या खांद्याला लागला असता.

आणि त्याने वळसा घातला.

दुपारसारखाच.

मग तो बाहेर गेला. तिला शोधायला.

जोलीन खाली बसली. ती मला म्हणाली, "भीती वाटली म्हणतात ना, ते हे नव्हे. वाटलं, उद्या सकाळी सगळे येतील, तालीम करतील, मला वळसा घालतील. परवाही घालतील."

तेवढ्यात तिला आवाज आला.

टक... टक...

तिला वाटलं, बाहेरून. कोणाला तरी आपण इथे आहोत हे कळलं.

पण आवाज बाहेरून नव्हता.

आवाज आतून येत होता. तिच्याच चौकोनातून. तिच्या गुडघ्याच्या उंचीवरून. पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे काही नव्हतं, तिथून कोणीतरी भिंत वाजवत होतं. घाई न करता. खूप दिवसांची सवय असल्यासारखं.

टक... टक...

ती उलट्या बाजूला चिकटून बसली. पण जागा होतीच किती!

अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. जोलीनला आपलं काम आठवलं. नकाशात दार नाही, तर दार नाही. मग नकाशातच दार काढायचं.

तिने नखाने रेघ उचकटली. दारापुरती टेप काढून टाकली. हात पुढे केला.

भिंत.

नुसती फट म्हणजे दार नव्हे, हे तर ती नव्या पोरांना स्वतः शिकवायची. तिने गुंडाळी घेतली. दाराचा वाक काढला, छोटे छोटे तुकडे जोडून. फुलीत बरीच टेप गेली होती. शेवटचा तुकडा चिकटवला आणि हातात नुसतं पुठ्ठ्याचं कडं उरलं.

मागची टकटक थांबली.

तिने ढकललं. दार आतल्या बाजूला उघडतं असं काढलेलं, म्हणून मग ओढलं...

करकर असा आवाज झाला, आणि हीटरची घरघर एकदम कानांवर आदळली.

ती धडपडत स्वयंपाकघरात आली. बो नुकताच परत आला होता. तिला पाहून त्याच्या हातातली कॉफी सांडली.

"अगं बाई! कुठून उगवलीस? सगळं पार्किंग पालथं घातलं मी!"

"मला बाहेर काढ."

"ये की मग."

ती बाहेरच्या रेघेपर्यंत धावली, आणि आपटली. नाक धरून खाली बसली.

बो खो खो हसला. "नियम पाळावा, पण इतका? उद्याचे डोनट माझ्यातर्फे, जा. ये बाहेर!"

"बो, बाहेरचं दार आपण काढलेलंच नाही."

तिचा चेहरा पाहून त्याचं हसू थांबलं. आणि तेवढ्यात तिच्या मागे...

थप... थप... थप...

अनवाणी पावलं. लहान. स्वयंपाकघरातून. ती भिंतींतून येत नव्हती. वळून, दारादारातून, नीट येत होती. कुठलं तरी दार करकरलं.

"जोलीन," बो हळूच म्हणाला, "दारं आपण टेपचीच काढलीत ना गं?"

"बो, माझ्याकडे टेप उरली नाही. तू दार काढ. आधी फट, मग वाक. बाहेर उघडणारं. लवकर!"

त्याने प्रश्न विचारला नाही. म्हणून तो माझ्या मनातून कधी उतरत नाही. त्याने खिशातली लाल गुंडाळी काढली, गुडघे टेकले आणि कामाला लागला. वाकडातिकडा वाक. आयुष्यात असलं गबाळं काम त्याने केलं नव्हतं.

पावलं बैठकीच्या खोलीत आली.

बोने शेवटचा तुकडा दाबला. जोलीन बाहेर पडली आणि त्याच्या अंगावर कोसळली.

"बंद कर!" ती किंचाळली. "बो, बंद कर, बंद कर!"

त्याने फटीवर लाल टेप ओढली. एकदा, दोनदा. वाक ओरबाडून काढला. रेघ पुन्हा सलग झाली.

पावलं थांबली. अगदी रेघेपाशी.

दोघं तिथेच बसून राहिले. हीटर घरघरत होता. समोर रिकामी जमीन, निळ्या रेघा, त्यांत एक लाल तुकडा.

मग त्या लाल तुकड्यामागून, गुडघ्याच्या उंचीवरून...

टक... टक...

बोने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या हातात टेप होती.

"उघडू?"

ते वाजवणं कसलं असतं, हे जगात फक्त जोलीनला ठाऊक होतं. थोड्याच वेळापूर्वी ती स्वतः तशीच वाजवत होती. कोणी ऐकेल म्हणून. कोणी दार काढेल म्हणून.

"नको," ती म्हणाली.

आणि दोघं कोट घेऊन बाहेर पडले.

रात्रभर तिला झोप लागली नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती. उजाडताच ती टेप घेऊन क्लबवर गेली. दार काढायचंच, असं ठरवून गेली. पण क्लबचा राखणदार तिच्या आधी आला होता. जमीन कोणाला तरी दुसऱ्या कामासाठी हवी होती. त्याने सगळा नकाशा उचकटून, गोळा करून, बाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकला होता. पेटी रिकामी झाली होती.

त्या घराची जमीन धोक्याची आहे, असं जोलीनने इंग्रिडला पटवलं. सिनेमा दुसऱ्या घरात झाला. बोने चौकोनाचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि आता तो कोणाच्याही नकाशात भिंतीतून चालत नाही. जोलीन मात्र प्रत्येक नकाशात बाहेरचं दार काढते. गरज असो, नसो. सगळे गेले की त्या दाराशी उभी राहून ती बराच वेळ वाट बघते.

अजून कोणी बाहेर आलेलं नाही.

ते फार्महाऊस तसंच उभं आहे. मी त्या रस्त्याने जातो तेव्हा गाडीच्या काचा वर घेतो. थंडी नसली तरी घेतो. एक हातोडी नेऊन स्वयंपाकघराची ती भिंत फोडली की झालं, हे जोलीनला कळतं. बोहदानलाही कळतं. आता मलाही कळतं.

आमच्यापैकी कोणी अजून गेलेलं नाही.