तीन वेढे

नदीच्या पाण्याची पातळी मोजण्यात मोजणीदाराची तीस वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत त्याचा अंदाज एकदाच चुकला, आणि तो नेमका घरच्याच माणसाच्या जिवावर बेतला. मागच्या साली, डोंगराच्या पायथ्याशी याच कुरणात, त्याने दुपारी पट्टी वाचली आणि तंबू वर हलवू म्हणणाऱ्या बायकोला हसून म्हटलं, "तुझं आपलं काहीतरीच! पाणी इथवर येतंय होय?" संध्याकाळी पाणी आलं. तो सरपणाला गेला होता म्हणून वाचला. ती सापडलीसुद्धा नाही.

तेव्हापासून मेहुण्याने बोलणंच टाकलं होतं. बहिणीला जाऊन वर्ष झालं तसा तो आपण होऊन आला, आणि दोघांनी मिळून त्याच सखल जागी तंबू ठोकला. जागेचा हट्ट मोजणीदाराचा. ती आपल्यावर रागावून गेली का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. विचारायचं कुणाला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

दोघं सरपण गोळा करून परतले, तर तंबू वीस पावलं वर, चढाकडे.

"भाऊजी, हे कधी केलंत?"

"मी तुझ्याबरोबरच होतो की."

गवत कुठेही तुडवलेलं नव्हतं. मोजणीदाराने सवयीने पट्टी पाहिली. पाणी बोटभरही चढलेलं नव्हतं. वाऱ्याने उडाला म्हणावं, तर आठही खुंट्या जमिनीत घट्ट होत्या. तो खुंटीशी वाकला आणि तसाच खाली बसला. दोरीचे तीन वेढे होते. दोन पुरतात, असं तो बायकोला जन्मभर सांगत आला होता. "तिसरा माझ्या समाधानाला," ती म्हणायची, "तुमचं काय जातंय?"

मेहुण्याने एक वेढा सोडून पाहिला आणि पुन्हा होता तसा गुंडाळला.

काहीतरी करायलाच हवं, म्हणून दोघं पाणी भरायला उतरले. वळून पाहिलं तर तंबू आणखी वर गेला होता, झाडांखाली. मागच्या साली तिने बोट दाखवलं होतं ती हीच जागा.

"ताईच ही," मेहुणा म्हणाला. "राग असता तर एवढी काळजी केली असती का तिने?"

वर्षभरात पहिल्यांदाच त्याने मोजणीदाराच्या खांद्यावर हात ठेवला. मोजणीदार ओक्साबोक्शी रडला. "चुकलो गं," एवढंच म्हणत राहिला. रडून झाल्यावर त्याला खरंच हलकं वाटलं.

ऊन डोंगराआड गेलं तेव्हा ते चढून तंबूपाशी आले. मेहुण्याने पडदा उचलला.

आत त्याचं एकट्याचं अंथरूण होतं.

"तुमचं कुठंय?"

मोजणीदाराने खाली पाहिलं. नदीकाठी, तंबूच्या सकाळच्या जागेवर, काहीतरी पांढरं अंथरलेलं होतं.

"जाऊ नका, भाऊजी."

तो गेला.

चादरीवर एक सुरकुती नव्हती. उशी नीट लावलेली होती. शेजारचं गवत एका माणसाच्या लांबीएवढं दबलेलं होतं.

त्याने तिथे हात टेकला. गवत चिंब होतं, आणि कोमट.