चाकापर्यंत किती पोचतं

सूर्यमाळच्या सपाटीवर लाल गाडी आवाज न करता नुसती घरंगळत होती. भावेशने मोटारसायकल आडवी घालून ती थांबवली आणि काचेपाशी जाऊन पेट्रोलची बाटली पुढे केली. त्याचं तरी काय चुकलं? इकडे पेट्रोल वाचवायला घाटात गाड्या न्यूट्रलवर सोडतात. सपाटीवर कोणी सोडली, तर टाकी कोरडी असणार, दुसरं काय?

"पेट्रोल संपलं काय?"

"टाकी फुल आहे," वर्षाली म्हणाली. "माझी चाचणी मात्र वाया घालवलीत तुम्ही."

खरं तर ती भडकलीच होती. पण त्याचा तो बाटली धरलेला हात तसाच पुढे... तिला हसू आलं ते आवरेना.

वर्षाली इथल्याच पोशेरा गावची, आता नाशिकच्या एका रेसिंग गॅरेजात. इंजिनाची सगळी ताकद काही रस्त्यावर उतरत नाही. वाटेत गिअर खातात, टायर खातात. किती? गॅरेजात सगळे डोळे मिटून पंधरा टक्के धरायचे. असं धरून चालणं वर्षालीला सोसत नसे. वीटभट्टीवर राबणाऱ्यांची पोर म्हणून तिलाही लोकांनी जन्मभर असंच धरलं होतं. मग ती दर रविवारी इथे येई. गाडीला वेग देऊन न्यूट्रलवर सोडायची, वाऱ्याचा फरक निघून जावा म्हणून जाताना आणि येताना, आणि ती किती लवकर मंदावते ते मोजायचं. टायरची हवा बदलून पुन्हा तेच. आता जो फरक पडेल तो टायरचा.

पुढच्या रविवारी भावेश रस्त्यावरची गुरं अडवायला हजर. त्याच्या पुढच्याही. मोखाड्याच्या कचेरीतला हा कारकून हवा मोजायला वाकला की बोटाला बोट लागे, आणि आकडा वाचायचं दोघंही विसरत.

"वर्षाली, मला तू... म्हणजे तू मला—"

"न्यूट्रलवर का आलास?"

"आवडतेस," तो एका दमात म्हणाला.

तिच्या गालांवर ऊन चढलं. घरी सांगितलंस का, तिने विचारलं. त्याने मान खाली घातली. त्याचे बाबा निवृत्त हेडमास्तर. त्या लोकांत सोयरीक होत नाही, हे त्यांचं कायमचं वाक्य.

"तुझ्या मनात दोनशे घोड्यांची ताकद असेल रे. घरच्या उंबऱ्यापर्यंत किती पोचते ते सांग. तोवर इथे येऊ नकोस."

पुढच्या रविवारी गुरं खुशाल रस्त्यात बसली. वर्षालीने हॉर्न वाजवला, भावेशला चार शिव्या घातल्या, डोळे पुसले. तेवढ्यात मोटारसायकल आली. मागे बाबा बसलेले.

"बाबा, ही वर्षाली. लग्न करीन तर हिच्याशीच."

बाबांनी तिचे ऑइलने माखलेले हात पाहिले. "आमच्या घरात हे चालायचं नाही."

"मग दुसरं घर बघतो. पण तुमच्यापासून लपवून नाही करणार."

बाबा पायीच परत निघाले.

"किती गळती झाली?" वर्षालीने विचारलं.

"आवाज कापला गं."

"कापला तरी पोचला. बस गाडीत. एवढ्या उन्हात चालत जायचेत की काय ते?"

तिने गाडी वळवली, जवळ येताच न्यूट्रलवर टाकली. बिनआवाजाची गाडी बाबांच्या शेजारून घरंगळू लागली. ते पुढेच बघत चालले. मग राहवेना तसे थांबले, रागातच वाकले.

"पेट्रोल संपलं काय?"

वर्षालीने गाडी थांबवून मागचं दार उघडलं.

"नाही, बाबा. टाकी फुल आहे."