दोरीचं दुसरं टोक

महिन्यातल्या एका गुरुवारी गोळ्यांची चिठ्ठी बदलून घ्यायला आम्ही साक्रीहून इथं मेहरूणला, तलावाकाठच्या या व्यसनमुक्ती केंद्रात येतो. हे आत डॉक्टरांकडे आहेत, अर्धा तास तरी लागेल. बस तू माझ्याजवळ. तुझाही नवरा फौजी, आजच इथं दाखल केलास, आणि माझ्या नवऱ्याची दारू कशी सुटली ते तुला ऐकायचंय. सांगते.

ह्यांचं नाव योगेंद्र. फौजेतून सुटून घरी आले ते एकटे आले नाहीत, बरोबर कुंदन आला. कुंदन रावेरचा, ह्यांच्याच तुकडीतला, बर्फातल्या चौकीवर वारलेला. संध्याकाळी बाटली उघडली की पेले दोन, आणि पहिला त्याचा. कुंदन असा हसायचा, कुंदन चौकीत रॉकेलच्या शेगडीवर तशी खिचडी करायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं मी मनात म्हणायची. खरी सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आणि ती दोरी. नाडीएवढी जाड, पांढरी, नायलॉनची. बर्फात हे दोघं एकाच दोरीला बांधून चालायचे. एक झटका म्हणजे 'मी आहे', दोन म्हणजे 'थांब', तीन म्हणजे 'पडलो, ओढ'. घरी आल्यावरही मनगटाला दोरी बांधल्याशिवाय ह्यांचा डोळा लागत नसे. दुसऱ्या टोकाला आठच्या इंग्रजी आकड्यासारखी गाठ मारायचे आणि ते टोक पलंगाच्या रिकाम्या अर्ध्यात ठेवायचे. स्वतः अगदी कडेला, मी खाली सतरंजीवर. लग्नाला सात वर्षं झालेली, आणि माझ्या जागेवर दोरीची गाठ झोपायची. जळायची मी. खोटं कशाला बोलू?

मला फक्त बाटली सुटायला हवी होती. इथल्या हेमांगी मॅडम म्हणाल्या, तसं होत नाही. मनाला बसलेला धक्का आणि दारू एकमेकांना धरून असतात, उपचार दोन्हींवर बरोबरच करायचा. नुसती दारू काढली तर तो प्रसंग दुप्पट जोरानं अंगावर येईल. पट्टा, वस्तरा सगळं काढून घेतलं त्यांनी, दोरी मात्र हातभर राहू दिली. मला बजावलं, "ती ते स्वतः सोडतील. तुम्ही हात लावायचा नाही."

पहिला आठवडा थरथर, घाम, उलट्या. मग रोज मॅडमसमोर थोडं थोडं बोलणं. वरच्या खोलीत ह्यांच्यासोबत मी राहायची, अठराव्या दिवशी त्या बोलण्याला मलाही बोलावलं. बर्फाला भेग पडली आणि कुंदन आत गेला, इथवर मला ठाऊक होतं. पुढचं त्या दिवशी कळलं. दोरीला झटके आले, आणि हेही भेगेकडे घसरायला लागले.

"त्यानी तीनदा ओढं," हे म्हणाले. "मी दोरीले चाकू लाया..."

आणि लहान मुलासारखे रडले. मी हात धरला ह्यांचा. पण माझं मन बघ कसं, तेव्हाही आत हेच चाललेलं, की माझ्यासाठी हा माणूस कधी असा रडेल का?

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी आपल्या हातानं दोरी मनगटावरून काढली, पलंगावर ठेवली आणि खाली सगळ्यांच्या बैठकीला गेले. मी देवाला साखर ठेवायला हवी होती. मी त्या गाठीकडे बघत बसले.

मे महिना, भर बाराची वेळ. लाईट गेली आणि कूलर बंद पडला. तलावाच्या बाजूनं पाखराचासुद्धा आवाज नव्हता. मी ती आठाची गाठ नखांनी सोडवली. ते टोक माझ्या मनगटाला बांधलं, बापाच्या गोठ्यात शिकले होते तशी दाव्याची गाठ मारून. मग त्या रिकाम्या अर्ध्यात आडवी झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "आता ही जागा माझी."

आधी वाटलं, घाम वाळतोय. मग दात वाजायला लागले. रॉकेलचा वास आला, ओल्या लोकरीचा आला. दोरीचं मोकळं टोक पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होतं. ते हळूहळू ताठ झालं... विहिरीत भरलेली बादली लोंबावी तसं, सरळ खाली. खाली नुसती फरशी होती.

एक झटका आला. अगदी हलका.

मला काय झालं कोण जाणे, मीही एकदा ओढलं.

हे वर आले तेव्हा लाईट आलेली होती. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. माझी दाव्याची गाठ तिथं नव्हती. आठाची होती.

"हाई गाठ तुले कोनी शिकाडी?"

तुमचंच बघून शिकले, म्हणाले मी.

तेव्हापासून अकरा महिने झाले, थेंब नाही. हे पलंगाच्या मधोमध झोपतात, घोरतात. दोरी मी बांधते. एकदाच नाही बांधली, तर त्या संध्याकाळी हे दोन पेले विसळून पुढ्यात ठेवून बसले होते. त्यांना विचारलं, तर कधी विसळले ते त्यांनाच आठवेना. मग मी कधी सोडली नाही.

गेल्या महिन्यात भाकरी खाताना हे हळूच म्हणाले, "तो आते मनाकडे येत नही... तुनाकडे येस का?"

ती नजर मी ओळखली. त्या रिकाम्या अर्ध्याकडे रोज रात्री मी तशीच बघायची.

"कितला झटका येतस?"

एकच, म्हणाले मी. तेव्हा ते खरं होतं. सोमवारपासून दोन यायला लागले. आज सकाळी एसटीत, ह्यांना खेटून बसले होते, पदराखाली हात होता. तेव्हा तीन आले, लागोपाठ. ह्यांना कळलं तर हे दोरी माझ्याकडून मागून घेतील, आणि या वेळी चाकू लावायचे नाहीत.

बघ, मनगट किती गार आहे. नको, गाठीला हात लावू नको.

ते बघ, आलेच हे. तुला काही विचारलं, तर झटका एकच येतो, सांग.