साखरीच्या मानेवरचा हात

हे घडलं तसंच लिहितेय. पटवून द्यायला माझ्याकडे फक्त ईसीजीचा एक कागद आहे.

यंदाच्या मार्चमधला दुसरा मंगळवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. खडकीत, रेल्वे रुळांमागचा पत्र्याचा तबेला.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

मला पशुवैद्यकीची पदवी मिळून सातच महिने झाले होते. मालनबाईंची साखरी ही वरातीची घोडी. आधीच्या वरातीत ती चालता चालता गुडघ्यांवर आली होती. रविवारी तिच्यावर पुन्हा नवरदेव बसणार होता. ती चालेल की नाही, हे मला तिचा ईसीजी काढून सांगायचं होतं.

चिमटे लावले. पडद्यावर रेघ सुरू झाली.

मिनिटाला बत्तीस ठोके. मधूनच एखादा गळत होता. शांत उभ्या घोड्यांत हे चालतं.

पण गळलेल्या ठोक्याच्या जागी...

बारीक उंचवटे. एकसारखे. अंतर मोजलं. मिनिटाला शहात्तर, माणसाच्या नाडीइतके.

घोडी धरणाऱ्याचा हात हलला की रेघ बिघडते. पडद्यावरची नजर न काढता मी म्हणाले, "मावशी, हात काढा."

"माझे हात बादलीत हायेत. तू घोडी बघायला आलीस का टीव्ही?" मालनबाई मागून म्हणाल्या.

मी वर पाहिलं.

साखरीजवळ कुणीच नव्हतं.

तिची मान मात्र डावीकडे कलली होती... कुणाच्या तरी आधाराने. तिथली आयाळ तळहाताएवढी दबलेली.

माझा विश्वास बसेना. सवयीने पुन्हा म्हणाले, "हात काढा."

आयाळ सुटली.

बारीक उंचवटे थांबले.

साखरीचेही ठोके थांबले.

तीन सेकंद. पाच. आठ...

रेघ सरळ. तिचे पुढचे गुडघे वाकले.

"ठेवा! हात परत ठेवा!" मी ओरडले.

आयाळ दबली.

ठोका आला.

मालनबाई जागच्या हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मालक दिवाळीत गेले. तिला धुताना तसाच हात ठेवायचे."

मी वरात रद्द करायला लावली. तेव्हापासून दर मंगळवारी जाते, रेघ काढते. 'हात काढा' हे शब्द तिथे तोंडातून निघू देत नाही.

साखरीचे ठोके बत्तीसच आहेत.

बारीक उंचवटे मात्र... शहात्तर होते. मग अडुसष्ट. मग एकोणसाठ.

"बरी हाय ना गं?" मालनबाई विचारतात.

"साखरी ठीक आहे," मी म्हणते.

काल चव्वेचाळीस होते.