पाणी वाढवू?

नळ्या नावाचा यंत्रमानव पुन्हा थबकला. पंपाची घरघर वाढली, पण नळीतला सिमेंटचा लगदा काही पुढे सरकेना.

"पाणी वाढवू?" त्याने विचारलं.

जुना बंधारा बांधताना रेवाच्या बाबांनी याच प्रश्नाला "हो" म्हटलं होतं. पहिल्याच मोठ्या उधाणात तो फुटला आणि बाबांसह अर्धी वाडी वाहून गेली. तेव्हापासून वाडीत त्यांचं नाव कोणी काढत नाही. आता नव्या बंधाऱ्यालाही भेग पडली होती, आणि परवा अमावास्येचं उधाण होतं.

"घाला की पाणी! परवा समुद्र काय हाताने अडवणार?" शेजारचे सुदामकाका खालून ओरडले.

"नाही," सुलभाआत्या म्हणाली. ती बाबांची थोरली बहीण, सिमेंटची शास्त्रज्ञ.

"पण आत्या, पाण्याने लगदा वाहतो ना?"

"वाहतो गं. पण जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या उरतात. भिंत सच्छिद्र (बारीक भोकांची) होते, पोचट होते."

"मग हा घट्ट का? पाणी तर बरोबर घातलंय."

"पिठल्यात गुठळ्या होतात ना, तसंच. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी त्या गुठळ्यांत अडकून बसतं. असून नसल्यासारखं." आत्याने तपकिरी बाटली उघडली. "हे सुपरप्लास्टिसायझर (लगदा प्रवाही करणारं रसायन). याचे रेणू कणांवर जाऊन बसतात, सगळ्यांना एकाच प्रकारचा विद्युतभार देतात. मग कण एकमेकांना दूर ढकलतात."

"गुठळ्या फुटतात! पाणी तेवढंच, पण मोकळं!"

"शाबास. मात्र बेतानेच घालायचं. जास्त झालं तर कण तळाशी बसतात आणि पाणी वर येतं."

आत्याने रसायन मोजून ओतलं, नळ्याने लगदा घुसळला. नळी थरथरली आणि लगदा सरसर भेगेत उतरला.

"बाबांना हे माहीत नव्हतं?" रेवाने हळूच विचारलं.

आत्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "होतं. मीच शिकवलं होतं. रसायनाचा ट्रक घाटात अडकला आणि त्याला धीर निघाला नाही. फार राग येतो मला त्याचा. आठवणही तेवढीच येते."

अमावास्येला समुद्र दिवसभर बंधाऱ्यावर आदळत राहिला. रेवाने आतल्या बाजूने भेगेच्या जागी हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती.

मागून सुदामकाका आले. "निशांतच्या पोरी," ते म्हणाले, "उत्तरेकडचा बांध कधी घ्यायचा हाती?"

बाबांचं नाव! रेवाचे डोळे भरून आले.

"रसायन आलं की," ती म्हणाली. "त्याआधी नाही."