धाकटी

आमच्या घरात चिमीच्या डाव्या हाताला ‘धाकटी’ म्हणत. चिमी माझी पाठची बहीण. ती उजव्या हाताने सदऱ्याचं बटण लावायची आणि डावा हात ते शांतपणे काढायचा. लहानपणी ती यावरून रडायची, मोठेपणी हसायला शिकली. “कपडे दुरुस्तीचं दुकान काढलंय आणि घरातच फितुरी,” म्हणायची. आई होती तेव्हा जेवणं झाली की विचारायची, “धाकटीचं पोट भरलं का?”

यात गूढ काही नव्हतं. मी इस्पितळात स्कॅनच्या यंत्रावर काम करते, मेंदूची चित्रं रोज बघते. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा एक पूल असतो. बाळ पोटात असतानाच तो बांधला जातो, आणि त्या बांधकामावर नजर ठेवणारं एक जनुक असतं. चिमीचं ते जनुक बिघडलेलं होतं. तिच्या मेंदूत पुलाच्या जागी काळी फट होती. अशा पुष्कळ माणसांचं काही अडत नाही. चिमीचे हात मात्र एकमेकांचं ऐकत नसत.

एकदा मी तिच्या दुकानातून कामावर निघाले होते. चिमी मान खाली घालून शिवत होती. धाकटीने माझी बाही पकडली.

“सोड गं तिला,” चिमी वैतागली. “उशीर होतोय तिला.”

धाकटी सोडेना. मी ओढाताण करत होते, तेवढ्यात बाहेर दुकानाची लोखंडी पाटी निखळून पायरीवर आदळली. पायरीची फरशी फुटली. तिने सोडलं असतं, तर मी तिथेच असते.

मी तो हात दोन्ही हातांत घेतला. “तुझे उपकार कसे फेडू गं,” एवढंच सुचलं. धाकटीने माझी करंगळी हलकेच दाबली.

“मी नाही हं केलं ते,” चिमी म्हणाली.

त्यानंतर दुकानातून निघताना मी रोज धाकटीला हात द्यायचे, आणि ती रोज करंगळी दाबायची.

चिमीच्या पुढच्या तपासणीत काळ्या फटीत एक पांढरा धागा दिसला. मेंदूचे डॉक्टर पडद्यावर वाकले. “या वयात असं होत नाही,” ते म्हणाले. “जनुक फारच उशिरा कामावर रुजू झालं म्हणायचं.” यंत्र तपासलं, स्कॅन पुन्हा केला. धागा होताच. पुढच्या खेपेला तो जाड झाला होता.

चिमीचे हात जुळू लागले. तिने पहिल्यांदा स्वतःची वेणी स्वतः घातली, तेव्हा आरशासमोर हसतच राहिली. मला आनंद झाला, पण जिने माझा जीव वाचवला, ती चालली होती.

एका दुपारी चिमीने डावा हात पुढे केला. “ताई, ती आता अगदी थोडी उरलीये. निरोप घे.”

माझ्या करंगळीवर दाब आला, बराच वेळ राहिला, मग गेला.

“गेली?”

“हा आता नुसता माझा हात आहे,” चिमी म्हणाली. आम्ही दोघी रडलो.

पूल पूर्ण झाला. डॉक्टर म्हणाले, तुलनेसाठी तुमचाही स्कॅन करू. नोकरीला लागले तेव्हा माझा एक झाला होता. त्यात माझा पूल धडधाकट होता. मी यंत्राच्या नळीत आडवी झाले, हात पोटावर ठेवले. लोकांना रोज सांगते ते आता स्वतः पाळत होते: हलायचं नाही.

यंत्राची ठकठक थांबली. काचेपलीकडून माझ्या सहकारी मुलीने माइकवर विचारलं,

“ताई, तो जुना स्कॅन नक्की तुमचाच ना?”

“माझाच. का गं?”

“मधला पूल दिसत नाहीये. पुन्हा घेते. तेवढा डावा हात हलवू नका.”

मी हलवला नव्हता.

उजव्या करंगळीवर ओळखीचा दाब आला. माझे डोळे भरून आले.

“आलीस,” मी पुटपुटले. “फार बरं केलंस.”

पुन्हा ठकठक झाली, थांबली.

“झालं,” सहकारी म्हणाली. “या बाहेर.”

मी उठायला गेले, तर धाकटीने माझी बाही पकडली. आणि सोडेना.